परमुलखांतला वस्ताद

२५ नोव्हेंबर १९५३ या दिवशीं लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर हंगेरीच्या संघानें इंग्लंडचा सहा विरुद्ध तीन गोलांनीं पराभव केला. ब्रिटन व आयर्लंड यांच्याबाहेरील कोणत्याहि देशाकडून इंग्लंड आपल्या भूमीवर तोंवर हरलें नव्हतें. त्या दिवशीं प्रेक्षकांत एकाहत्तर वर्षांचा एक वृद्ध गृहस्थ अॅस्टन व्हिला क्लबाच्या कुमार खेळाडूंना घेऊन बसला होता. इंग्रज प्रेक्षकांपैकीं फारच थोडे त्याला ओळखत असतील. हंगेरीच्या संघाच्या चालकांनीं मात्र या विजयाचें श्रेय मोकळ्या मनानें त्याच्या पदरांत टाकलें. त्याचें नांव जिम्मी हॉगन. त्याचीच कथा आज मी आपणांस सांगणार आहें.

हॉगनचा जन्म १८८२ सालीं लँकेशायर परगण्यांतील नेल्सन या गिरण्यांच्या गांवीं एका आयरिश कॅथलिक कुटुंबांत झाला. मुलानें धर्मोपदेशक व्हावें ही बापाची इच्छा होती. मुलाचें चित्त चेंडूंत. विशीच्या सुमारास तो धंदेवाईक खेळाडू झाला. बर्न्ले क्लबांत असतांनाची एक गोष्ट तो पुढें स्वतः सांगत असे. एका सामन्यांत त्यानें मारलेला चेंडू गोलाच्या वरून निघून गेला. माझें नेमकें काय चुकलें, पाय चुकीच्या जागीं पडला कीं शरीराचा तोल गेला, असें त्यानें व्यवस्थापकाला विचारलें. उत्तर मिळालें कीं, मारीत राहा. दहांत एक लागला तरी पुष्कळ झालें. या उत्तरानें त्याचें समाधान झालें नाहीं. जें दहांत एकदां साधतें तें दहाहि वेळां कां साधूं नये, याचा शोध आपणच घ्यावयाचा, असें त्यानें ठरविलें.

आज या प्रश्नाचें नवल वाटणार नाहीं; तेव्हां तें फार होतें. आठवडाभर खेळाडूला चेंडू दाखवूं नये, म्हणजे शनिवारीं त्याला चेंडूची भूक लागते, अशी त्या काळीं इंग्लंडांत पक्की समजूत होती. सरावाच्या वेळीं धांवावयाचें, चालावयाचें, एवढेंच. आठवडाभर तंबोऱ्याला हात न लावणारा गवई शनिवारच्या जलशांत अधिक रंगेल, असें म्हणण्यासारखेंच हें होतें!

खेळाडू या नात्यानें हॉगन मध्यम प्रतीचा म्हणावा लागेल. १९०५ सालीं तो लंडनच्या फुलॅम क्लबांत गेला. तेथें स्कॉटिश पद्धतीचा, आंखूड पासांचा खेळ त्यानें डोळसपणें पाहिला. १९०८ सालीं फुलॅमनें एफ्. ए. चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली, आणि तेथें न्यूकॅसलनें त्यांचा सहा गोलांनीं फडशा पाडला. त्यानंतर हॉगन बोल्टनकडे गेला. या क्लबाबरोबर तो हॉलंडच्या दौऱ्यावर गेला असतां डॉर्ड्रेख्टच्या संघावर त्यांनीं दहा गोल चढविले. बाकीचे खेळाडू विजयाच्या आनंदांत होते. हॉगनच्या मनांत आलें कीं, या लोकांना खेळ शिकविण्यासाठीं आपण परत आलें पाहिजे. १९१० सालीं तो खरोखरच परत गेला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं. त्याच सालीं जर्मनीविरुद्धच्या एका सामन्यांत हॉलंडचा राष्ट्रीय संघहि त्याच्या हातीं दिला गेला, व तो सामना डचांनीं जिंकला.

यानंतर व्हिएन्ना येथें ह्यूगो मायझल याच्याशीं त्याचा स्नेह जुळला. ऑस्ट्रियन फुटबॉलचा हा सूत्रधार आणि हा लँकेशायरचा शिक्षक रात्र रात्र डाव मांडीत बसत. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां हॉगन व्हिएन्नांतच होता. शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून त्याला अटक झाली. बायकामुलें पुढें मायदेशीं गेलीं. अखेर बुडापेस्टच्या एम्. टी. के. क्लबाशीं संबंध असलेल्या लोकांच्या खटपटीनें त्याला तेथें नेण्यांत आलें. पोलिसांकडे हजेरी द्यावयाची आणि मुलांना फुटबॉल शिकवावयाचा, असा त्याचा क्रम सुरू झाला. बरेच खेळाडू रणांगणावर गेलेले. म्हणून त्यानें बागेंत खेळणारीं पोरें हेरलीं. ग्यॉर्गी ऑर्ट व योझेफ ब्राउन हे दोघे त्याला असेच सांपडले. दोन्ही पायांनीं चेंडू अडवावा, जमिनीवरून सहकाऱ्याला द्यावा, आणि दिल्याबरोबर रिकाम्या जागीं सरकावें, हा त्याचा पाठ. १९१७ पासून १९२५ पर्यंत दरवर्षीं हंगेरीचें अजिंक्यपद एम्. टी. के.कडेच राहिलें, जरी वस्ताद युद्ध संपतांच परतला होता.

मात्र मध्य युरोपला खेळ एकट्या हॉगननें शिकविला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. एम्. टी. के. क्लबांत त्याच्या आधीं जॉन टेट रॉबर्टसन हा स्कॉटिश शिक्षक होऊन गेला होता, आणि प्रागमध्यें जॉन मॅडन पंचवीस वर्षें तळ देऊन होता. हॉगनचें वैशिष्ट्य असें कीं, तो एका ठिकाणीं स्थिरावला नाहीं. बीं पेरून पुढें जात राहिला.

युद्धानंतर मायदेशीं त्याचें स्वागत कसें झालें? युद्धांत हाल सोसलेल्या धंदेवाईक खेळाडूंना मदत मिळते असें कळल्यावरून तो लंडनच्या फुटबॉल असोसिएशनकडे गेला. तेथें त्याच्या हातावर खाकी पायमोज्यांच्या तीन जोड्या ठेवण्यांत आल्या, असें सांगतात. आघाडीवरच्या सैनिकांना तेच मिळत होते! शत्रूच्या मुलखांत राहिलेला माणूस, ही बोच त्या देणगींत असावी. कांहीं काळ त्यानें तंबाखूच्या कारखान्यांत नोकरी केली. पिकतें तेथें विकत नाहीं, दुसरें काय?

मग पुन्हां परमुलूख. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें रौप्यपदक मिळविणाऱ्या स्विस संघाच्या शिक्षकांत तो होता. जर्मनींत त्यानें गांवोगांव व्याख्यानें दिलीं. त्याचें जर्मन कच्चें. श्रोते हंसूं लागले कीं तो अनवाणी पायानें चेंडू मारून आपलें म्हणणें पटवी, असें सांगतात. ड्रेस्डेनला हेल्मुट शॉन हा मुलगा त्याच्या हाताखालीं तयार झाला. इकडे मायझलच्या ऑस्ट्रियन संघानें १९३१ सालीं स्कॉटलंडला पांच गोलांनीं नमविलें. १९३२ सालीं लंडनला तो ४-३ असा हरला खरा, पण साऱ्या इंग्लंडला विचार करावयास लावून गेला. त्या संघाच्या तयारींत हॉगनचा हात होता.

१९३४ सालीं फुलॅमनें त्याला व्यवस्थापक नेमलें. मुरलेल्या खेळाडूंना शिकवणी नको होती. अवघ्या ३१ सामन्यांनंतर, तो शस्त्रक्रियेसाठीं रुग्णालयांत पडून असतांना, त्याला काढून टाकण्यांत आलें. तो पुन्हां ऑस्ट्रियाकडे वळला, व १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें त्या संघाला रौप्यपदक मिळालें. अॅस्टन व्हिलानें मात्र त्याची कदर केली. दुसऱ्या श्रेणींत घसरलेला तो क्लब त्यानें १९३८ सालीं वर आणला. पुढें दुसरें महायुद्ध आलें, आणि तेंहि काम अर्धवट राहिलें.

उतारवयांतहि तो मुलांना शिकवीतच राहिला. ३० जानेवारी १९७४ रोजीं, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं, तो वारला. आधुनिक जर्मन फुटबॉलचा जनक अशा शब्दांनीं जर्मन फुटबॉल संघटनेनें त्याचा गौरव केला. त्याच वर्षीं जुलैमध्यें म्युनिक येथें विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तो पश्चिम जर्मनी आणि हॉलंड यांच्यांत होता. जर्मनीनें तो दोन विरुद्ध एक गोलांनीं जिंकला, आणि विजयी संघाचा शिक्षक होता हेल्मुट शॉन.