रातपाळी आणि हाडांचं वेळापत्रक

कावसजी दावर यांची मुंबईत ताडदेवची कापड गिरणी 1856 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यावर हुकूम सूर्याचाच चालायचा. उजाडलं की काम सुरू, दिसेनासं झालं की बंद. त्यामुळे हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात मरणाचा लांब. 1905 च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि ही नैसर्गिक मर्यादाही गेली. काही ठिकाणी काम 14-15 तासांवर पोचलं. ओरड झाली, चौकशा झाल्या आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना 12 तासांची मर्यादा घातली.

पुढे पाळ्या आल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एकेका खोलीत दाटीने राहत. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला वळकटी पसरायचा. खाणावळवाल्या बायांची चूलही पाळीप्रमाणे पेटायची. गिरणगावाने झोप आणि जेवण दोन्ही भोंग्याला बांधून टाकलं.

हाडं मात्र भोंगा ऐकत नाहीत. हाड वरून दगडासारखं दिसलं, तरी आत पाडकाम आणि बांधकाम अखंड चालू असतं आणि त्याला दिवसरात्रीची लय असते. हाड झिजताना त्यातल्या कोलॅजेनचे तुकडे रक्तात उतरतात. ते पहाटे सर्वाधिक आणि दुपारी सर्वांत कमी सापडतात; जेवल्यावरही झपाट्याने घटतात. म्हणून तर ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करतात. पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक रात्री वाढतं, कॉर्टिसॉल पहाटे चढू लागतं, तर वाढीचं संप्रेरक पहिल्या गाढ झोपेत उसळतं. म्हणजे खाणावळीतलं ताट कधी वाढलं जातं, याच्याशीही हाडाचा संबंध आहे.

1948 च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत कामास मनाई केली. पुरुषांची रातपाळी तशीच राहिली. तिकडे रुग्णालयांत परिचारिकांना कुठली सूट?

अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ पाहणीतूनच 2009 मध्ये एक आकडा पुढे आला: 20 वर्षांहून अधिक काळ फिरत्या रातपाळ्या केलेल्या, मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये खुबा किंवा मनगट मोडण्याचा धोका 37 टक्क्यांनी जास्त होता. यावरून थेट कारण सिद्ध होत नाही; वजन, ऊन, खाणंपिणं यांचाही हात असू शकतो.

म्हणून 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. त्यात 10 पुरुषांना तीन आठवडे 28 तासांच्या ‘दिवसात’ ठेवून झोप तोडली गेली. हाड झिजल्याची खूण बदलली नाही, पण हाड बांधलं जात असल्याची खूण रक्तात घटली. आणि ही घट पंचावन्न-साठीतल्यांपेक्षा विशीतल्या तरुणांमध्ये अधिक होती.