सिग्नल आला, पण कुणाच्या घरातून?

आज मी सांगणार आहे आकाशातला एक पत्ता शोधण्याची गोष्ट.

१९४६ साली इंग्लंडमध्ये जेम्स स्टॅन्ली हे यांच्या गटाला हंस तारकासमूहाच्या दिशेनं एक जोरदार रेडिओ सिग्नल मिळाला. नाव पडलं सिग्नस ए. पण फोटोत तिथे नुसती ताऱ्यांची गर्दी! सिग्नल नक्की कुणाचा?

आता रेडिओ सिग्नलवरून दिशा कळायची, अंतर नाही. स्रोत आपल्या शेजारचा तारा आहे की लांबची दीर्घिका, म्हणजे गॅलक्सी, हेच कळत नव्हतं. अंतर हवं तर फोटोत नेमकी वस्तू सापडायला हवी, आणि तिच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायला हवा.

१९५१ मध्ये केंब्रिजच्या ग्रॅहम स्मिथ यांनी स्रोताची जागा पक्की केली. आता शोधायचा तुकडा उरला पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा. मग वॉल्टर बाडे यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून तिथला फोटो घेतला. त्यात दिसली एक विचित्र, जुळ्या डागासारखी दीर्घिका. बाडे म्हणाले, ही दोन दीर्घिकांची टक्कर आहे! रुडॉल्फ मिंकोव्स्कींना ते पटेना. व्हिस्कीच्या बाटलीची पैज लागली. मिंकोव्स्कींनी वर्णपट घेतला, तर तप्त वायूच्या ठळक रेषा! त्यांनी हार मानली. त्या रेषा तांबड्या रंगाकडे सरकलेल्या होत्या. त्यावरून कळलं की ही दीर्घिका खूप दूर आहे. आजच्या हिशेबानं साधारण ७५ कोटी प्रकाशवर्षं.

पण खरी गंमत वेगळीच. १९५३ मध्ये जोड्रेल बँक इथे रॉजर जेनिसन आणि आपल्या बंगालचे मृणाल कुमार दासगुप्ता यांनी दाखवलं की रेडिओ लहरी येतात त्या दोन वेगळ्या ठिकाणांहून. दीर्घिका त्यांच्या मधोमध! टक्कर झाली म्हणून सिग्नल येतो, ही कल्पना पुढे मागे पडली. दीर्घिकेच्या मध्यातल्या कृष्णविवराजवळून सुटणारे झोत दोन्ही बाजूंच्या त्या ढगांना ऊर्जा पुरवतात, असं आज मानलं जातं. म्हणजे बाडे पैज जिंकले, पत्ताही बरोबर निघाला, पण कारण चुकलं.

आज आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशनी असे स्रोत टिपते. तरी घर शोधायला प्रकाशातला फोटो शेजारी ठेवावाच लागतो. म्हणून रेडिओ नकाशावर दोन ठळक डाग दिसले, की मी आधी त्यांच्या मधली जागा बघतो. घरमालक बहुतेक तिथेच असतो.

भेटूया पुढच्या भागात!