वेगनौका शर्यतींतील धोके व सुरक्षितता

वेगनौका शर्यत म्हणजे यंत्रचलित नौका पाण्याच्या पृष्ठभागावरून अतिवेगाने हाकण्याची स्पर्धा होय. ड्रॅग बोट शर्यत हा तिचा सर्वांत तीव्र प्रकार. यात दोन नौका शेजारीशेजारी सरळ रेषेत धावतात. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असून वरच्या गटांसाठी ते पुढे १,००० फुटांपर्यंत (सुमारे ३०५ मीटर) कमी करण्यात आले. विसाव्या शतकाच्या मध्यास हा खेळ अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात वाढला. त्यातील सर्वोच्च गटाच्या नौका नायट्रोमिथेन या इंधनावर चालतात आणि काही सेकंदांत ताशी ४०० किमीचा वेग ओलांडतात. महाराष्ट्रात या खेळाचे नियमित मैदान नाही; मात्र वेगनौका, पर्यटक नौका आणि साध्या नावा यांच्या अपघातांनी राज्याला सुरक्षिततेचा प्रश्न वारंवार विचारला आहे.

== धोक्याचे स्वरूप ==
पाणी मऊ असते ही समजूत वेग वाढताच खोटी ठरते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असल्याने अतिवेगात पाण्यावर आदळणे जवळजवळ कठीण जमिनीवर आदळण्यासारखेच असते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते.

वेगात असलेली नौका पाण्यातून जात नाही, पाण्यावरून घसरत जाते. तिच्या तळाचा अगदी थोडा भाग आणि पंखा एवढेच पाण्याला टेकलेले असतात. अशा वेळी एखादी लाट किंवा वाऱ्याचा झोत पुढचे टोक जरा उचलतो, तळाखाली हवा शिरते आणि नौका विमानासारखी वर उडून मागच्या बाजूला उलटते. याउलट, वळताना एखादी बाजू पाण्यात रुतली तर नौका क्षणात गरकन फिरते आणि चालक बाहेर फेकला जातो. पाण्यावर तरंगणारा ओंडका हा तिसरा शत्रू.

इंग्लंडमध्ये १३ जून १९३० रोजी विंडरमियर सरोवरावर सर हेन्री सेग्रेव्ह, २९ सप्टेंबर १९५२ रोजी स्कॉटलंडमधील लॉख नेसवर जॉन कॉब आणि ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन वॉटर येथे डोनाल्ड कॅम्पबेल हे विक्रमाच्या प्रयत्नात मरण पावले. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांनी ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयात ताशी सुमारे ५११ किमीचा विक्रम केला. तो मोडू पाहणारे ली टेलर १९८० मध्ये लेक टाहो येथे प्राणास मुकले.

ड्रॅग शर्यतींतील बोलके उदाहरण अमेरिकेच्या एडी हिल यांचे आहे. ताशी सुमारे ३६८ किमीचा जलविक्रम नावावर असलेल्या हिल यांना १९८४ मध्ये ॲरिझोनात भीषण अपघात झाला. त्यानंतर त्यांनी नौका सोडून जमिनीवरील मोटारी धरल्या आणि १९८८ मध्ये ड्रॅग मोटारीत पाच सेकंदांच्या आत शर्यत पूर्ण करणारे ते पहिले चालक ठरले. पाण्यापेक्षा डांबराचा रस्ता त्यांना कमी धोक्याचा वाटला, यात सारे आले.

== संरक्षणाची साधने ==
पूर्वी चालक उघड्या आसनावर बसत आणि अपघातात बाहेर फेकले जाणेच हिताचे मानले जाई. अमेरिकेतील नामवंत चालक बिल मन्सी (१९८१) आणि डीन शेनोवेथ (१९८२) यांच्या मृत्यूनंतर हा विचार पालटला. एफ-१६ लढाऊ विमानाचे पारदर्शक छत बसवलेल्या बंद कक्षाच्या नौका १९८० च्या दशकात आल्या. नौकेचे तुकडे झाले तरी कक्ष अभंग राहावा, चालक पट्ट्यांनी आत बांधलेला असावा आणि त्याला प्राणवायूचा पुरवठा व्हावा, ही त्यामागची कल्पना.

बंद कक्षाने एक नवा धोकाही निर्माण केला. नौका पालथी पडली तर चालक पाण्याखाली उलटा लटकतो. त्यामुळे अनेक स्पर्धांत शर्यतीपूर्वी चालकाला बनावट कक्षात बसवून पाण्यात उलटे करतात. पट्टे सोडून शांतपणे बाहेर पडता आले तरच त्याला परवानगी मिळते. बचावपथकातील पाणबुडे पोशाख घालून नौकांमध्ये सज्ज असतात, कारण अशा अपघातात मिनिटांवर नव्हे तर सेकंदांवर जीव अवलंबून असतो.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे किल स्विचची दोरी. तिचे एक टोक चालकाच्या अंगाला आणि दुसरे इंजिनाच्या कळीला जोडलेले असते. चालक फेकला गेला की कळ निघते व इंजिन बंद पडते. नाहीतर चालकाविना नौका गोल फिरत राहून पाण्यातील माणसावरच चालून येते.

== महाराष्ट्रातील परिस्थिती ==
मुंबईत मरीन ड्राइव्हलगतच्या समुद्रात ३ ते ५ मार्च २०१७ या काळात ‘पी-१ पॉवरबोट’ मालिकेतील शर्यत झाली. भारतीय मोटारक्रीडापटू गौरव गिल आणि सी. एस. संतोष त्यात उतरले होते. प्रत्येक नौकेवर दोघे असत.

राज्यातील जीवघेणे अपघात मात्र शर्यतीबाहेरचे आहेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनचाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळली. त्यात १५ जणांचा मृत्यू झाला. बहुतेक प्रवाशांनी जीवरक्षक जाकीट घातलेले नव्हते.

नागपूर परिसरात समुद्र नाही, तरी पाणी भरपूर आहे. अंबाझरी व फुटाळा हे शहरातील तलाव आहेत आणि रामटेकजवळचा खिंडसी जलाशय नौकाविहारासाठी प्रसिद्ध आहे. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात अकरा जणांना घेऊन गेलेली लहान नाव उलटली आणि त्यांतील बहुतेकांचा बुडून मृत्यू झाला. त्याआधी थोडा वेळ नावेतील तरुणांनी समाजमाध्यमावर थेट चित्रण केले होते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुडजवळ झुंज येथे वर्धा नदीत नाव बुडून अकरा जण दगावले. या दोन्ही नावांना वेग नव्हता. क्षमतेपेक्षा अधिक माणसे आणि जाकिटांचा अभाव एवढे कारण पुरेसे असते.

== कायदा व व्यवस्था ==
१९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ नुसार यंत्रचलित नौकांची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने बंधनकारक आहेत. राज्यात महाराष्ट्र सागरी मंडळ ही प्रमुख यंत्रणा आहे. नौका चालवण्याचे व जीवरक्षणाचे प्रशिक्षण गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे आहेत. परंतु दुर्गम जलाशयावर तुकडी पोहोचेपर्यंत शोधकार्याचे रूपांतर बहुधा मृतदेह काढण्यात होते. म्हणून काठावर बचावनौका व पोहणारा माणूस असणे अधिक मोलाचे.

जीवरक्षक जाकीट नौकेत ठेवलेले असून चालत नाही, अंगात असावे लागते. ते वजनाला साजेसे, सर्व पट्टे आवळलेले हवे. खांद्याला धरून वर ओढल्यास हनुवटीपर्यंत सरकत असेल तर ते सैल आहे. लहान मुलांना मोठ्यांचे जाकीट घातल्यास ती त्यातून निसटतात. त्यांच्या जाकिटाला पायांमधून जाणारा पट्टा असावा.