कोहळ्यावरचा पहिला छेद

शाळेत चुकले तर पाटी पुसता येते. नागपूरच्या एका इस्पितळात शिकाऊ डॉक्टराने शीर शोधताना माझ्या आईच्या हातात तीनदा सुई टोचली, तेव्हा मनात आले, याची पाटी कोणती?

सुश्रुताने ती दिली होती. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात शिष्य छेद घेतो कोहळ्यावर, शीर वेधतो कमळाच्या देठाची, टाके घालतो कापडावर, पट्टी बांधतो बाहुल्याला. कृत्रिम श्वास शिकविण्यासाठी १९६० साली नॉर्वेत पुतळा घडला. १९४७ साली उघडलेल्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयासह देशभर २०१९च्या अभ्यासक्रमाने अशा सरावाच्या प्रयोगशाळा आवश्यक केल्या.

पण कोहळा बोलत नाही. छेद खोल गेला, हे तिथल्या तिथे सांगणारा गुरू शेजारी हवा. न तपासलेल्या वहीत चूकच पक्की होते. डॉक्टरची ती चूक मग कुणाच्या तरी आईच्या हातावर उमटते.