दप्तराची किल्ली

२०२५ च्या जुलै महिन्यात वाडिनार येथील नायरा एनर्जी या कंपनीवर एक विलक्षण प्रसंग ओढवला. वाडिनार आम्हा बडोदेकरांस अपरिचित नाही. कच्छच्या आखातावरील तेथील तेलशुद्धीकरण कारखान्याची क्षमता वर्षाला २ कोटी टनांची आहे. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के हिस्सा असल्याने युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. निर्बंध युरोपचे, कारखाना गुजरातेत; तरीही मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने नायराच्या सेवा स्थगित केल्या. पैसे पूर्ण भरलेले असताना आपलीच माहिती व साधने आपल्याला बंद झाली, अशी नायराची तक्रार होती. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिना संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाल्या. वृत्तपत्रांनी ही बातमी निर्बंधांच्या राजकारणाची म्हणून छापली. आम्हांस ती दप्तराची वाटली.

आम्ही शासकीय सेवेत शिरलो तेव्हा टंकलेखन यंत्र, कार्बन कागद आणि लोखंडी कपाट एवढीच कचेरीची सामग्री होती. कपाटाची किल्ली कोणाकडे, हे शिपायासही ठाऊक असे. ही किल्ली हजारो मैल दूर गेली ती एका दिवसात नव्हे. त्याला तीस वर्षे लागली.

१९९५ साली महाजाल नुकतेच सामान्यांच्या दृष्टिपथात येत होते आणि ते पाहण्यासाठी लोक नेटस्केप कंपनीचा ब्राउझर वापरीत. २६ मे १९९५ रोजी बिल गेट्स यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक दीर्घ टिपण पाठविले. महाजालाला त्यांनी त्यात भरतीच्या लाटेची उपमा दिली होती. त्यांची भीती रास्त होती. सगळे काम ब्राउझरमध्येच होऊ लागले, तर खाली विंडोज असले काय आणि नसले काय! तेव्हा कंपनीने स्वतःचा इंटरनेट एक्सप्लोरर काढला आणि तो विंडोजला जोडून फुकट दिला. फुकटाशी स्पर्धा कोण करणार? १९९८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने व अनेक राज्यांनी दावा गुदरला. जून २००० मध्ये न्यायमूर्ती जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने मक्तेदारीचा ठपका कायम ठेवून तो आदेश मात्र रद्द केला. दावा चालू असतानाच नेटस्केप अमेरिका ऑनलाइनला विकली गेली होती.

या इतिहासातील सर्वांत रंजक पान मात्र न्यायालयातले नाही. कचेरीची ई-पत्रे ब्राउझरमधून वाचता यावीत म्हणून मायक्रोसॉफ्टमध्ये आउटलुकची महाजालावरील आवृत्ती तयार होत होती. त्या काळी पानावरचे एक बटन दाबले की अख्खे पान पुन्हा मागवावे लागे. पत्रव्यवहारासारखे काम त्या गतीने होणे शक्य नव्हते. म्हणून तिथल्या अभियंत्यांनी एक छोटी सोय केली. पान जागीच राहील, ते पडद्याआडून दूरच्या संगणकाकडे हवी तेवढीच माहिती मागेल आणि आली की तेवढाच भाग बदलेल. मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीतून, कसलाही गाजावाजा न होता, ही सोय जगात गेली. इतर ब्राउझरांनी तिचे अनुकरण केले. एप्रिल २००४ मध्ये गूगलने जीमेल आणले, फेब्रुवारी २००५ मध्ये नकाशे आणले, आणि २००६ मध्ये ब्राउझरमध्येच लिहिता येणारे कागद व तक्ते आणले. या सगळ्यांच्या पोटात तीच सोय होती. ज्या भीतीपोटी गेट्स यांनी नेटस्केपशी युद्ध मांडले, ती खरी करणारे हत्यार त्यांच्याच कंपनीने घडविले, तेही कारकुनाच्या टपालासाठी.

आणि घडवून झाल्यावर ती स्वस्थ बसली. २००१ च्या सहाव्या आवृत्तीनंतर सातवी यायला २००६ उजाडले. प्रतिस्पर्धी उरला नाही की सुधारणेची निकड उरत नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. मधल्या काळात जगभरच्या बँकांनी व सरकारी खात्यांनी आपल्या प्रणाली त्या एकाच सहाव्या आवृत्तीच्या मापाने शिवून घेतल्या आणि पुढे कित्येक वर्षे त्यांना तो जुना अंगरखा उतरविता येईना. इंटरनेट एक्सप्लोररला अखेरचा निरोप मिळाला १५ जून २०२२ रोजी.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की आपल्या भाषांवर या कंपनीचे उपकार आहेत. पूर्वी एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की अक्षरांची खिचडी होई, कारण प्रत्येक फाँटचा संकेत वेगळा. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागली. त्यातला मंगल हा फाँट आपल्या र. कृ. जोशी यांच्या हातचा. आमच्या गुजराती टिपणांना मात्र २००१ च्या एक्सपीपर्यंत थांबावे लागले.

परंतु अक्षर मोकळे झाले तरी कागद मोकळा झाला नाही. वर्डच्या जुन्या फाइलींची अंतर्गत बांधणी फेब्रुवारी २००८ पर्यंत सर्वांसाठी खुली नव्हती. संस्थानी मोडी रुमालांचा अनुभव बडोद्यास आहेच: कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा मिळत नाही. तिथे काळाने जे केले ते इथे व्यापाराने केले. मायक्रोसॉफ्टची नवी बांधणी आंतरराष्ट्रीय मानक व्हावी म्हणून २००८ मध्ये मतदान झाले, तेव्हा भारताच्या मानक ब्यूरोने विरोधात मत दिले. ठराव तरीही मंजूर झाला. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. ते उत्तम धोरण होते. पण परिपत्रकाने सवय बदलत नाही, हे आम्ही चाकरीत पुरेपूर पाहिले आहे.

जून २०११ मध्ये ऑफिस ३६५ आले आणि व्यवहाराचे स्वरूपच पालटले. पूर्वी ऑफिस विकत मिळे. कंपनी रुसली तरी आपल्या यंत्रावरचे वर्ड चालू राही. आता ते भाड्याने मिळू लागले, आणि कागदही त्यांच्याच कोठारात राहू लागले. २०१७ साली त्याला टीम्सची जोड मिळाली: संभाषण, बैठक, फाइल, सारे एका खिडकीत. वेगळे पैसे नाहीत. पंचविशीतल्या वाचकाला ही युक्ती नवी वाटेल. आम्हांस १९९५ आठवते. स्लॅक या प्रतिस्पर्धी कंपनीने जुलै २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने जुलै २०२३ मध्ये चौकशी उघडली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, टीम्सविना ऑफिस कमी दरात देण्याची हमी घेऊन, प्रकरण मिटविले. तोवर स्लॅक सेल्सफोर्सला विकली जाऊन चार वर्षे झाली होती. नेटस्केपचेही असेच झाले होते.

म्हणून न्यायालयांकडून फार आशा ठेवू नये असे आमचे मत आहे. ती जोडणी सोडवितात, पण बाजार उठल्यावर. कारभार हाती असलेल्यांनीच काही करावे. जर्मनीतल्या श्लेसविग-होल्श्टाइन या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० संगणक लिब्रेऑफिस या खुल्या प्रणालीवर नेण्याचे जाहीर केले. याच देशातल्या म्युनिक शहराने पूर्वी असाच प्रयोग करून २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले होते, तेव्हा मार्ग निष्कंटक नाही. शिवाय गूगलच्या कोठारात कागद ठेवले म्हणजे किल्ली आपल्याकडे आली असेही नव्हे.

वाडिनारची बातमी वाचल्यावर आमच्या परिचयातील एका सहकारी पतपेढीच्या चिटणिसांना आम्ही विचारले की सभासदांच्या नोंदींची एक प्रत खुल्या बांधणीत, पेढीच्या स्वतःच्या यंत्रावर, आहे काय. ते म्हणाले, संगणकवाल्याला विचारून सांगतो.