पुनर्वसन म्हणजे काय? पक्षाघात, खाट आणि डॉक्टर

आजचा विषय वैद्यकाच्या इतिहासातला आहे आणि मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे व्याख्यान संपल्यावर कुणी औषध विचारायला येणार नाही. पण वैद्यकात काही प्रश्न असे आहेत की ते सोडवायला घेतले डॉक्टरांनी, मुळात मात्र ते तत्त्वज्ञानाचे होते. त्यातला एक आज घेऊ. ज्या रोग्याला आपण पूर्ण बरं करू शकत नाही, त्याच्यापाशी डॉक्टरचं काम काय?

शब्दांपासून सुरुवात करू. आपण पक्षाघात म्हणतो, अर्धांगवायू म्हणतो, लकवा म्हणतो. ‘पक्ष’ म्हणजे बाजू, ‘आघात’ म्हणजे तडाखा. इंग्रजीतल्या ‘स्ट्रोक’चा अर्थ तडाखाच, आणि त्याच्या आधी चालणाऱ्या ‘अपोप्लेक्सी’ या मूळच्या ग्रीक शब्दाचाही रोख तोच, तडाखा बसून कोसळणं. मारणारा कोण, याची उत्तरं निरनिराळी होती. चरकसंहितेने वाताचा प्रकोप मानला आणि स्नेहन, स्वेदन, विरेचन सांगितलं; युरोपात देवाचा हात मानला गेला. पण या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. ते सगळे एका क्षणाबद्दल बोलतात. माणूस कोसळतो तो क्षण. आता, कोसळणं क्षणाचं असतं हे खरं, पण त्यानंतरचं जगणं वर्षांचं असतं, आणि त्या वर्षांना आपल्या भाषेत फार काळ शब्दच नव्हता.

वैद्यकही क्षणामागेच गेलं. १६५८ साली स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर यांनी शवविच्छेदनं करून दाखवलं की अशा रोग्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी त्यांचा तो प्रसिद्ध रोगी तपासला. त्याला ‘तां’ एवढंच बोलता येत असे, आणि पुढे त्याचं उजवं अंगही गेलं होतं. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला, डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला सापडला, आणि वाणीचं स्थान जगाला कळलं. फार मोठा शोध, यात शंका नाही. पण एक तपशील बघा. तो माणूस त्या इस्पितळात एकवीस वर्षं राहत होता. ब्रोकांच्या हाताखाली तो आला शेवटचा जेमतेम एक आठवडा. वैद्यकाच्या इतिहासात तो आठवडा अमर झाला, त्याचा मेंदूही जपून ठेवला गेला. एकवीस वर्षांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. म्हणजे रोग कुठे आहे हे समजलं, पण रोगी कुठे आहे हा प्रश्न शिल्लकच राहिला.

तो प्रश्न विचारला एका बाईने. मार्जरी वॉरन, जन्म १८९७, शिक्षणाने सर्जन, लंडनच्या पश्चिमेला वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये उपअधीक्षक. १९३५ साली शेजारचं गरीबखान्याचं रुग्णालय त्यांच्या हॉस्पिटलला जोडण्यात आलं आणि ७१४ रोग्यांची जबाबदारी वॉरनबाईंवर आली. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली माणसं. वृद्ध, पक्षाघाताचे, मनोरुग्ण, सगळे एकत्र. ‘जुनाट’ असा शिक्का बसला की पुन्हा तपासायचं कारणच उरत नसे.

वॉरनबाईंनी काय केलं? एकेकाला तपासलं. बस्स, एवढंच. ऐकायला साधं वाटतं, पण तेच कुणी केलेलं नव्हतं. मग वर्गवारी केली: हा चालू शकेल, हिला बसवता येईल, याला घरी पाठवता येईल. वॉर्डात उजेड आणला, रंग आणला, धरून चालायला कठडे बसवले. पक्षाघाताच्या रोग्याला उठवायचं, बसवायचं, उभं करायचं. अनेकजण घरी गेले. कित्येकांचं लुळेपण निम्मं पक्षाघाताचं आणि निम्मं खाटेचं होतं, हे दिसून आलं. न वापरलेले स्नायू झिजतात, सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात, आणि मन त्याहून आधी आखडतं. १९४३ आणि १९४६ साली त्यांनी यावर लेख लिहिले, आणि वृद्धवैद्यक नावाची शाखा त्यातून उभी राहिली. १९४७ साली लंडनमधल्याच रिचर्ड ॲशर यांनी तर खाटेचे धोके सांगणारा लेखच लिहिला. अटलांटिकपलीकडे हॉवर्ड रस्क हे जखमी सैनिकांसोबत हाच धडा शिकले होते. १९४८ साली त्यांची पुनर्वसन संस्था न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली.

आपल्याला शिकवलं गेलं आहे की विश्रांती म्हणजे दया. आजारी माणसाला उठवणं हा निर्दयपणा. आपल्या घरांतही हेच चालतं ना? ‘झोपून राहा, आम्ही आहोत ना सगळं करायला.’ वॉरनबाईंचं म्हणणं बरोबर उलटं होतं. माणूस जे स्वतः करू शकेल ते त्याच्यासाठी आपण करणं, हे त्याला थोडंथोडं नाहीसं करणं आहे.

मग विसाव्या शतकात मेंदूही बदलू शकतो याचे पुरावे यायला लागले. १९१७ साली शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ यांनी माकडांवर प्रयोग केले होते: चांगला हात बांधून ठेवला की दुबळा हात पुन्हा कामाला लागतो. कुणी फार लक्ष दिलं नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे कॅटलान कवी पेद्रो बाक-ई-रिता यांना पक्षाघात झाला. वैद्यकीचं शिक्षण घेत असलेल्या त्यांच्या मुलाने, जॉर्जने, त्यांना लहान बाळासारखं रांगायला लावलं, मग उभं केलं. ते पुन्हा शिकवायला लागले. पुढे ते डोंगर चढताना वारले, तेव्हा तपासणीत मेंदूची जुनी हानी मोठी होती असं दिसलं. म्हणजे मोडलेलं तसंच होतं. माणूस दुसऱ्या वाटेने चालत होता. दुसरा मुलगा पॉल, जो मेंदूचा मोठा अभ्यासक झाला, त्याच्या कामाला यातून दिशा मिळाली.

आता आजच्या पुनर्वसन वॉर्डातला डॉक्टर बघा. त्याचं काम फार दिमाखाचं नसतं. पाणी पाजण्याआधी रोग्याला गिळता येतं का हे पाहायचं, नाहीतर ठसका लागून पाणी फुप्फुसात जातं. लुळा हात धरून कुणी ओढू नये, खांदा निखळतो, हे नातेवाइकांना दहादा सांगायचं. रक्तदाब, साखर, लघवी, पाठीच्या जखमा. आणि उदासी, जी ‘आता असं होणारच’ म्हणून सोडून दिली जाते. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली तर काही रोग्यांना डावी बाजू असते हेच कळत नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. घरच्यांना वाटतं, चव गेली. डॉक्टरने ओळखावं लागतं की जग अर्धं झालं आहे.

आणि हे तो एकट्याने करत नाही. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारक, परिचारिका, समाजसेवक, सगळे एकत्र बसतात आणि ठरवतात: या आठवड्यात यांना स्वतः संडासापर्यंत जाता आलं पाहिजे. यात चमत्कारी औषध कुठलंच नाही. पण १९९३ साली पीटर लँगहॉर्न आणि सहकाऱ्यांनी दहा चाचण्यांतल्या १५८६ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा दिसलं की अशा संघटित विभागात ठेवलेल्यांची पहिल्या चार महिन्यांतली मृत्यूची शक्यता सुमारे पाव हिश्शाने कमी होती. एकत्र बसून बोलणं हाही उपचार असतो, असं म्हणायला हरकत नाही.

मात्र कुठलाही विचार घोषणा झाला की बिघडतो. ‘उठवा’ म्हणजे किती लवकर? २०१५ साली ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीचे निष्कर्ष आले, २१०४ रुग्णांचे. पहिल्या चोवीस तासांत खूप आणि वारंवार उठवलेल्यांची स्थिती उलट काहीशी वाईट निघाली. म्हणजे खाट वाईट हे खरं, पण घाईही वाईट.

आपल्याकडे १९५५ साली मुंबईत, हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. तरी आपल्याकडचा बहुतेक रोगी काही दिवसांत घरी जातो आणि पुढचं सगळं घरातल्या बाईवर पडतं. मग घरच्यांनाच शिकवलं तर? ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत भारतातल्या चौदा रुग्णालयांतल्या १२५० रोग्यांबाबत हे करून पाहिलं. २०१७ साली उत्तर आलं: सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक पडला नाही. याचा अर्थ घरच्यांची माया कमी पडली असा अजिबात नाही. मायेवर सगळा भार टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही, एवढाच आहे. सून, मुलगी, बायको यांना थोडं शिकवून डॉक्टर, थेरपिस्ट आणि परिचारिका यांची जागा भरून निघेल, ही आशा स्वस्त होती.

शेवटी शब्दाकडे परत येतो. महाराष्ट्रात ‘पुनर्वसन’ म्हटलं की आपल्याला कोयना आठवते, धरणग्रस्त आठवतात. मला हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. पक्षाघात झालेला माणूस स्वतःच्या शरीरातून विस्थापित झालेला असतो. जुनं गाव पाण्याखाली गेलं, ते परत मिळणार नाही. ते मिळेल म्हणणारा डॉक्टर फसवतो, आणि म्हणून आता काहीच उरलं नाही म्हणणाराही फसवतो. धरणग्रस्तांचा अनुभव काय सांगतो? नुसती जमीन देऊन पुनर्वसन होत नाही. पाणी लागतं, रस्ता लागतो, शेजार लागतो. तसंच इथे.

ॲरिस्टॉटलने एके ठिकाणी म्हटलं आहे की वैद्यकाचं काम रोग्याला निरोगी करणं एवढंच नाही. शक्य तितकं त्या वाटेवर पुढे नेणं हे आहे, आणि जो कधीच पूर्ण बरा होणार नाही त्याच्यावरही उत्तम उपचार करता येतात. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. हे वाक्य तेवीसशे वर्षं ग्रंथात होतं. ते वॉर्डात आणायला ७१४ खाटांपाशी एकेक करून थांबणारी एक बाई लागली.

इथे थांबतो.