गळाच्या काठीचा प्रवास : कल्याणीच्या राजापासून काचेच्या कापडापर्यंत

१/१५
गोदीच्या दरवाजांसाठी वापरले जाणारे लाकूड, काचेच्या तंतूंचे कापड, विमान-संशोधनातून पुढे आलेला कार्बनचा धागा आणि झाडाच्या फांदीवर कीटकांनी स्रवलेली लाख. या चार वस्तूंत समान काय? मूळ उपयोग निरनिराळे असूनही गेल्या दोनशे वर्षांत या चारही वस्तू मासे पकडण्याच्या काठीत येऊन विसावल्या. या प्रवासाच्या मध्यभागी एक भारतीय बांबू उभा आहे. त्याने जगातील काठ्यांचे रूप पालटले. तो तोडून, शेकून, जहाजावर चढवणाऱ्यांची नावे मात्र कोठेही नोंदली गेली नाहीत.

२/१५
आरंभ दख्खनमध्येच करावा लागतो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर इ.स. ११२७ च्या सुमारास गादीवर आला. त्याची राजधानी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या सत्तेखाली होता. ‘मानसोल्लास’ हा त्याचा संस्कृत ग्रंथ मराठी अभ्यासकांना परिचित आहे, कारण महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात येतो. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत आणि संगीतापासून मृगयेपर्यंत अनेक विषय आहेत.

३/१५
त्यातील ‘विनोदविंशती’ या चौथ्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. विषय एकच : गळाने मासे धरण्याचा राजविनोद. सुमारे पस्तीस प्रकारचे मासे, त्यांची वसतिस्थाने, त्यांचे खाद्य आणि त्यांना कोणते आमिष द्यावे, याचा विचार त्यात केलेला आढळतो. ग्रंथाचा काळ इ.स. ११३० च्या आसपासचा. नदीकाठी गळ टाकून बसणे हा वेळ दवडण्याचा उद्योग नसून शिकण्याजोगे शास्त्र आहे, ही जाणीव दख्खनच्या राजदरबारात इतकी जुनी आहे.

४/१५
इंग्लंडमध्ये या विषयावरील पहिली छापील पुस्तिका निघाली ती १४९६ मध्ये, म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीन शतकांहून अधिक काळाने. परंपरेने तिचे कर्तृत्व ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीकडे दिले जाते. काठी घरी कशी करावी, याची कृती तीत तपशीलवार दिली आहे. हेझल, विलो किंवा अ‍ॅस्पेनची जाड फांदी हिवाळ्यात तोडावी, उष्णतेने सरळ करावी, तापलेल्या सळीने आतून पोकळ करावी आणि तिला लवचीक लाकडाचे टोक जोडावे. दोर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. जे परिसरात मिळेल तेच साहित्य, हाच त्या काळचा नियम.

५/१५
समुद्रापलीकडची साम्राज्ये उभी राहिली आणि हा नियम मोडला. उत्तर अमेरिकेतून हिकरी आले, वेस्ट इंडीजमधून लान्सवूड आले आणि दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानामधून ग्रीनहार्ट आले. ग्रीनहार्ट हे अतिशय घट्ट व जड लाकूड. पाण्यात दीर्घकाळ टिकते म्हणून धक्के, गोदीचे दरवाजे आणि जहाजे यांसाठी ते वापरत. काठी करणाऱ्यांनी तेच लाकूड तासून बारीक केले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज हौशी मासेमाराच्या हातातील काठी म्हणजे साम्राज्याच्या व्यापाराचा छोटा नकाशाच होता.

६/१५
याच व्यापारातून भारतीय बांबू पश्चिमेकडे गेला. तेथे त्याला ‘कलकत्ता केन’ असे नाव पडले. ज्या बंदरातून माल सुटला त्या बंदराचे हे नाव. बांबू जेथे वाढला त्या रानाचे नव्हे. त्याची खूण म्हणजे सालीवरचे काळपट, जळाल्यासारखे डाग. हिरवा बांबू आचेवर शेकून सरळ करणे ही आपल्याकडील बुरुडांची आणि काठी करणाऱ्यांची जुनी रीत. परदेशातील कारागिरांना मात्र हे डाग अडचणीचे ठरत, कारण डाग खोल गेला असेल तर तेवढा भाग टाकून द्यावा लागे.

७/१५
एवढी अडचण सोसून बांबूच का हवा होता? उत्तर त्याच्या रचनेत आहे. बांबू हे गवत आहे. त्याचे बळकट तंतू मुळाकडून शेंड्याकडे सरळ धावतात आणि सालीलगत सर्वांत दाट असतात. आतला गर त्या मानाने कमजोर. त्यामुळे बांबू वजनाला हलका राहतो, खूप वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. उत्तम काठीकडून नेमकी हीच अपेक्षा असते. प्रश्न एवढाच होता : बाहेरचे बळ ठेवून आतला कमजोर भाग काढायचा कसा?

८/१५
अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ईस्टन नावाचे गाव आहे. तेथील सॅम्युएल फिलिप हा बंदुका घडवणारा कारागीर. तो व्हायोलिनही करी. १८४० च्या दशकात त्याने बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या तासून आणि सरसाने पुन्हा जोडून काठी तयार केली. पुढे मेन राज्यातील हायरम लिओनर्डने १८७० च्या दशकात सहा पट्ट्यांच्या काठीला व्यापारी रूप दिले. प्रत्येक पट्टी ६० अंशांच्या कोनात तासलेली त्रिकोणी. सहाही जुळल्या की भरीव षट्कोन तयार होई आणि प्रत्येक पट्टीची साल बाहेरच्या बाजूला राही. गर गेला, बळ उरले.

९/१५
जोडकामानंतर येई ती सजावट, आणि येथेही भारत होताच. काठीवर ठरावीक अंतराने रेशमी दोरा घट्ट गुंडाळत. हा दोरा दोरीच्या कड्या धरून ठेवी आणि सांध्यांना आवळून ठेवी. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात देण्याची रीत होती. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या इवल्याशा कीटकांचा स्राव. जगाला तिचा मोठा पुरवठा भारतातून होई. मराठी वाचकाला लाखकाम म्हटले की सावंतवाडीची लाकडी खेळणी आठवतात. खेळण्यांवर चकाकणारी लाख पाश्चात्त्य काठीच्या दोऱ्याला पाण्यापासून वाचवीत होती.

१०/१५
या काळात भारतातील नद्यांवरही इंग्रज अधिकारी गळ टाकून बसत. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि या छंदाचा आधारग्रंथ ठरले. त्याचा मुख्य नायक महसीर मासा. दख्खनच्या महसीराची शास्त्रीय नोंद त्याआधीच झाली होती : कर्नल विल्यम साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले.

११/१५
साइक्सची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दख्खनच्या अनेक माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन साच्यात बसवली. मासे दाखवणाऱ्या कोळ्या-भोयांची नावे राहिली नाहीत, पण निदान त्यांचे शब्द विज्ञानात टिकले. काठीच्या बांबूला तेवढेही भाग्य लाभले नाही. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील अधिक सरळ बांबूने त्याची जागा घेतली. त्यालाही व्यापाऱ्यांनी ‘टोंकिन’ हे भलत्याच प्रदेशाचे नाव दिले. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्लूर याने १९३१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तोवर हे नाव रूढ होऊन गेले होते.

१२/१५
डिसेंबर १९५० मध्ये, कोरियन युद्धाच्या काळात, अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला आणि तिथल्या कारखान्यांचा बांबू आटला. पर्याय मात्र आधीच दारात उभा होता. आर्थर हॉवल्ड या संशोधकाने आपल्या बांबूच्या काठीचे मोडलेले टोक काचतंतू वापरून नव्याने केले, अशी हकीकत सांगितली जाते. त्याच्या पद्धतीने शेक्सपिअर या कंपनीने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात काचतंतूंच्या काठ्या बाजारात आणल्या. काचेची काठी! खिडकीत ठेवली तर फुटणारी काच, तंतू होऊन राळेत बसली की धनुष्यासारखी वाकू लागली.

१३/१५
ही किमया समजायला भिवंडीसारखे गाव नाही. ठाण्याहून भिवंडीकडे जाताना काल्हेर, पूर्णा, राहनाळ हा गोदामांचा पट्टा लागतो आणि पुढे यंत्रमागांचे शहर. तिथल्या पोराला ताणा-बाणा सांगावा लागत नाही. काचतंतूंची पोकळ काठी अशीच कापडातून जन्मते : काचेचे कापड राळेत भिजवायचे, निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळायचे, भट्टीत पक्के करायचे आणि सळई ओढून काढायची. या कापडात बहुतेक धागे काठीच्या लांबीला समांतर ठेवतात, आडवे धागे थोडेच. म्हणजे यंत्राने विणली ती बांबूचीच रचना : लांबवर धावणारे तंतू, त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि आत पोकळी.

१४/१५
कार्बनचा धागाही याच वाटेने आला. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेत तो बळकट रूपात तयार झाला आणि १९७३ मध्ये अमेरिकेतील फेनविक कंपनीने त्याच्या काठ्या विकायला काढल्या. आज हौशी कारागीर तयार नळी विकत घेऊन तिला आपल्या मनाजोगते रूप देतात : रंगीत दोऱ्यांची नक्षी, दोऱ्याखाली कापडाचे तुकडे किंवा पिसे, वर इपॉक्सीचा काचेसारखा थर. जपानमध्ये तर बांबूच्या काठीवर झाडाच्या चिकाचे उरुशी रोगण थरावर थर चढवण्याची कला एदो काळापासून चालत आली आहे. लाखेची जागा इपॉक्सीने घेतली, रेशमाची नायलॉनने. गुंडाळणारा हात तोच राहिला.

१५/१५
मग बांबूचे काय झाले? १९२७ च्या भारतीय वन कायद्याने या गवताला ‘झाड’ ठरवले आणि रानाजवळच्या माणसाला त्याची वाहतूक करायला परवाना लागू लागला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने वनहक्क कायद्याच्या आधारे लढा दिला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला तो २०१७ मध्ये. ज्या बांबूने परदेशातील काठीला बळ दिले, तो आपल्याच माणसांच्या हाती यायला एवढा काळ लागला. नदीकाठी एखादा पोरगा बांबूच्या काठीला दोरा बांधून बसलेला दिसला, तर हा सगळा इतिहास त्याच्या मुठीत आहे, हे ध्यानात असू द्यावे.